ठिणगी नेमकी कधी पडावी?

स्पीडबोट लाटेवरून उसळली की इंजिनाचा आवाज एकदम चिरकतो. प्रोपेलर हवेत आला, त्याला अडवणारं पाणी उरलं नाही, म्हणून इंजिन बेफाम पळतं. अशा वेळी प्रोग्रॅमेबल इग्निशनमधला ‘रेव्ह लिमिटर’ काही ठिणग्या गाळतो आणि वेग आवरतो.

प्रोग्रॅमेबल इग्निशनचं मुख्य काम मात्र वेगळंच आहे: ठिणगीची वेळ साधणं. पेट्रोल जळायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. हे झोक्याला धक्का देण्यासारखं आहे: फार लवकर दिला तर हातालाच हिसका बसतो, उशिरा दिला तर वाया जातो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट सेकंदाच्या हजाराव्या भागात ३६ अंश फिरतो! जुन्या डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा वेग वाढला की ठिणगी आधी पाडत, पण ठरलेल्या एकाच चालीने. नवी प्रोग्रॅमेबल प्रणाली इंजिनाचा वेग आणि त्यावरचा भार पाहून प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवते.

बोटीला हे फार उपयोगी पडतं. तिला उतार कधी मिळत नाही, पाणी सतत रेटत असतं. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर असेल तर दाब वाढताच ठिणगी थोडी मागे ढकलावी लागते, नाहीतर पिस्टनच फुटू शकतो.

तरीही ही प्रणाली निवडताना पहिली अट सुरक्षिततेची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. म्हणून मोटारीसाठी बनवलेला इग्निशनचा स्वस्त डबा इथे चालत नाही. उपकरणातली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही, याची हमी देणारं ‘एसएई जे-११७१’ हे अमेरिकी मानक त्यावर नमूद असायलाच हवं.