काळाचा भार वाहणारे 'डू'

इंग्रजीतील 'डू' हे क्रियापद 'करणे' या अर्थाने वापरताना मराठी विद्यार्थी सहसा चुकत नाही. त्याची गफलत होते ती हेच क्रियापद सहायक म्हणून, म्हणजे स्वतःचा अर्थ बाजूला ठेवून केवळ मुख्य क्रियापदाच्या मदतीला येते तेव्हा. नकार, प्रश्न किंवा ठासून केलेले विधान यांत 'डू' पुढे येते आणि काळ, पुरुष व वचन यांच्या खुणा स्वतःकडे घेते, त्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते. 'ही वेंट' याचा नकार 'ही डिड नॉट गो' असा होतो. 'डिड नॉट वेंट' यात भूतकाळ दोनदा येतो, आणि तो एकदाच दाखवावा असा नियम आहे.

ही व्यवस्था मराठीला परकी नाही, याकडे मात्र शिकवताना फारसे लक्ष दिले जात नाही. 'तो जातो' आणि 'ते जातात' यांतील वचनाचा भेद नकारात 'तो जात नाही' आणि 'ते जात नाहीत' असा 'नाही'च्या रूपावर सरकतो व 'जात' हे रूप दोन्हीकडे तेच राहते. 'डज नॉट गो' आणि 'डू नॉट गो' यांतही नेमके हेच घडते. भूतकाळात मात्र मराठी 'गेला नाही' असे म्हणून भूतकाळाची खूण मुख्य क्रियापदावरच ठेवते, आणि 'डिड नॉट वेंट' ही चूक बहुधा तिथूनच येते.

इंग्रजीतही हा नियम मुळापासून नव्हता. जुन्या इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या आधी आणले की प्रश्न तयार होत असे. सहायक 'डू' मध्ययुगीन इंग्रजीत दिसू लागले, सोळाव्या शतकात झपाट्याने पसरले, आणि शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी व नवी अशा दोन्ही धाटणीची वाक्ये शेजारी शेजारी सापडतात. त्या काळी साध्या होकारार्थी विधानातही, काहीही जोर द्यायचा नसताना, 'डू' येत असे. ती प्रथा पुढे मागे पडली, तरी कायद्याच्या भाषेने ती टिकवली असून आपल्याकडील इंग्रजी प्रतिज्ञापत्रांत 'डू हिअरबाय' आजही निमूटपणे छापले जाते. एरवी होकारार्थी वाक्यातील 'डू' आज जोर दाखवते: 'ही डिड गो' म्हणजे 'तो गेला होता ना!'

'कॅन', 'विल', 'मस्ट' यांसारखी सहायके वाक्यात असली की 'डू'ची गरज उरत नाही, आणि 'हू' हा शब्द स्वतःच कर्ता असेल तर प्रश्नातही ते येत नाही: 'हू केम?', पण 'हू डिड यू मीट?'. 'बी' हे क्रियापदही एरवी 'डू'ला जवळ करत नाही, म्हणून 'ही इज नॉट लेट' असेच म्हणावे लागते. आज्ञार्थात मात्र तेच 'बी' नियम मोडून 'डोन्ट बी लेट' असे 'डू'चा आधार घेते.