अक्कलदाढ काढल्यावर
जपायची ती खड्ड्यात साकळलेली रक्ताची गुठळी. खालचं हाड तीच झाकते. दाताखाली दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा, सारखा काढून बघू नका. पहिले 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. लाळ गिळून टाका. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच घोळवा आणि मान वाकवून बेसिनमध्ये आपसूक ओघळू द्या. गार दहीभात उत्तम, चिवडा नको. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांना जखम भरेपर्यंत हात लावू नका, ही कळकळीची विनंती. दोन-तीन दिवसांनी ठणका उलट वाढून कानापर्यंत गेला, तर गुठळी निसटलेली असू शकते. वेदनाशामक गोळ्या वाढवत न बसता त्याच दिवशी दंतवैद्याकडे जा.