मांसाहारी गोगलगाय कशी ओळखाल?

जव्हार-मोखाड्यात पाऊस लागला की दगडी बांधांवर, पालापाचोळ्यात गोगलगायी दिसू लागतात. बहुतेक जाती पाने, शेवाळ, बुरशी खातात. काही मात्र इतर गोगलगायींची शिकार करतात. दिसेल ती मारण्याआधी एवढे पाहा.

• शिकारी कूळ : स्ट्रेप्टॅक्सिडी. शंख लहान, चकचकीत, बराचसा पारदर्शक. अंग पिवळे ते नारिंगी-लाल. काही जातींत शेवटचा वेढा एका बाजूला कललेला असतो.

• सह्याद्रीच्या नावाची : याच कुळातील ‘हॅप्लोप्टिकियस सह्याद्रिएन्सिस’ ही जात २०२१ मध्ये विज्ञानात नोंदली गेली.

• पिकांची शत्रू : आफ्रिकी महाकाय गोगलगाय. शंखावर तपकिरी पट्टे, लांबी २० सेंमीपर्यंत. १८४७ मध्ये ती कोलकात्यात आणली गेली.

• समुद्रात आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीत : शंखाच्या तोंडाशी खाच किंवा नळी असेल, तर ती बहुधा मांसाहारी. शिंपल्यावरचे वाटोळे, आत निमुळते होणारे भोक हे नॅटिका कुळातील शिकारी गोगलगायींचे काम. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नका. त्याचा दंश विषारी असतो.

• परकी शिकारी सोडू नका : महाकाय गोगलगाय रोखण्यासाठी १९७७ मध्ये प्रशांत महासागरातील मूरेआ बेटावर ‘युग्लँडिना’ ही शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने तिथल्या ‘पार्ट्युला’ गोगलगायी दहा वर्षांत जंगलातून जवळजवळ संपवल्या.

• नोंद ठेवा : शंखाचे टोक, तोंड आणि अंग यांचे मोजपट्टीसह फोटो काढा. उघड्या हाताने उचलू नका.