सेवानिवृत्तिनिधीचें मूल्य कोणतें धरावें?

जुन्या जमाखर्चाचे कागद चाळणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, दप्तरांतील आंकडा वाचणें सोपें. तो कोणत्या आधारावर लिहिला गेला हें ठरविणें अवघड. सरकारी सेवकांच्या निवृत्तिनिधीच्या हिशेबांसही हाच न्याय लागू पडतो.

जुन्या पद्धतींत मध्यवर्ती सरकारच्या सेवकांच्या पेन्शनीसाठीं निराळा निधि नव्हता. चालू महसुलांतून ती दिली जात असे. १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदलें वगळून, नव्या सेवकांस राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांस अंशदानाची पद्धति आली. योजनेचें विश्वस्तमंडळ २७ फेब्रुवारी २००८ रोजीं स्थापन झालें. रोखे व शेअर सभासदांच्या हितार्थ त्याच्या नांवें असतात; गुंतवणूक करणारे निराळे व रोखे सांभाळणारे निराळे.

मूल्य काढण्याची रीति अशी: रोख्यांची त्या दिवसाची बाजारकिंमत घ्यावयाची, येणें मिळवावयाचें, देणें व खर्च वजा घालावयाचा आणि बाकीस एकूण युनिटांनीं भागावयाचें. समजा, मालमत्ता १०० कोटी रुपये, देणें १ कोटी व युनिटें ३ कोटी असतील, तर एका युनिटाचें मूल्य ३३ रुपये.

खरेदीचीच किंमत कां धरूं नये? व्याजदर चढला कीं जुन्या रोख्याचा भाव उतरतो. वहींत मूळ किंमतच राहिली तर आज निघणारा सभासद वाजवीपेक्षां अधिक घेऊन जाईल, आणि तूट मागें राहणाऱ्यांच्या पदरीं पडेल.

परंतु बाजारभाव निधींत काय आहे एवढेंच सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेंत २५ वर्षांच्या सेवेस अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी आहे. अशा ठिकाणीं आयुर्मान, वेतनवाढ व भावी उत्पन्नाचा दर गृहीत धरून वचनाचेंही मूल्य काढावें लागतें. दर मोठा धरला कीं देणें लहान दिसतें. वचन मात्र तेवढेंच राहतें. कॅलिफोर्नियांतील सरकारी सेवकांच्या निधीनें डिसेंबर २०१६ मध्यें हा दर ७.५ वरून क्रमाक्रमानें ७ टक्क्यांवर आणण्याचें ठरविलें, तेव्हां सरकारी संस्थांस आपला वांटा वाढवावा लागला.

म्हणून अशीं पत्रकें संग्रहीं ठेवणाऱ्यांनीं गृहीतांचें परिशिष्टही जपावें, अशी आमची सूचना आहे. तें गहाळ झाल्यास उरलेल्या आंकड्याचा अर्थ पुढील संशोधकांस लावतां येणार नाहीं.