विश्लेषण : झाडे लाल, आकाश निळे... रंगीत इन्फ्रारेड फिल्म नेमके काय टिपते?

लालभडक झाडे, गडद निळे आकाश आणि मधोमध एखादी पांढरी इमारत. अशी छायाचित्रे मोबाइलवर दिसली की ही संगणकाची करामत असावी, असे वाटते. पण या रंगांचे मूळ कोडॅकच्या एका जुन्या फिल्ममध्ये आहे आणि ती कलेसाठी नव्हे, युद्धासाठी तयार झाली होती.

युद्धात तिचा उपयोग काय?

दुसऱ्या महायुद्धात तोफा, रणगाडे हिरव्या रंगाने आणि जाळ्यांनी झाकले जात. विमानातून ते झाडीसारखेच दिसत. मात्र जिवंत पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, साधा हिरवा रंग तेवढे करत नाही. हा फरक ही फिल्म उघड करते.

रंग कसे बदलतात?

नेहमीच्या रंगीत फिल्मचे तीन थर निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपतात. या फिल्मचे थर हिरवा, लाल आणि अवरक्त प्रकाश टिपतात. छायाचित्रात हिरवा प्रकाश निळा, लाल प्रकाश हिरवा, तर अवरक्त प्रकाश लाल होऊन उमटतो. निळा प्रकाश तिन्ही थरांवर परिणाम करतो. तो अडवण्यासाठी भिंगावर पिवळा फिल्टर लावतात.

इमारतींचे काय होते?

पांढरी भिंत बहुतांशी पांढरीच राहते, शेजारचे झाड लाल होते. त्यामुळे वास्तूचा आकार झाडीतून उठून दिसतो. हिरवी रंगवलेली खिडकी आणि तिच्यावर चढलेला वेल डोळ्यांना सारखेच भासले, तरी फिल्मवर वेगळे पडू शकतात.

कलावंतांनी काय केले?

जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ मधील ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’च्या अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी कार्ल फेरिस यांनी अशीच फिल्म वापरली. आयरिश छायाचित्रकार रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोतील संघर्ष इन्फ्रारेड फिल्मवर टिपला. २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांची ‘द एन्क्लेव्ह’ ही कलाकृती आयर्लंडतर्फे मांडली गेली. गुलाबी डोंगरांत उभे बंदूकधारी पाहताना प्रश्न पडतो : हिंसा इतकी सुंदर दिसावी का? पण जगाच्या नजरेआड राहिलेल्या युद्धाकडे त्याच रंगांनी लक्ष वेधले.

आज पर्याय काय?

कोडॅकने या फिल्मचे उत्पादन थांबवले आहे. उरलेला साठा जपायचा तर अतिथंड ठेवावा लागतो. डिजिटल कॅमेऱ्यातील अवरक्त किरण अडवणारी काच काढून काहीसा तसा परिणाम साधता येतो. भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या प्रतिमांतही वनस्पती याच रीतीने लाल दाखवतात.

मोबाइलमधील रंग बदलणारे फिल्टर मात्र फक्त हिरव्याचे लाल करतात. पान जिवंत आहे की रंगवलेले, हे त्यांना कळत नाही. फिल्मला ते कळत होते.