चाक कुरकुरण्याआधी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यात बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकतात. वर्षभर ओढलेल्या ओझ्याची ती जाण असते. पण त्या खांद्यांवरचा भार थोडाफार रोजच हलका करता येतो. त्याचे साधन म्हणजे गाडीचे वंगण. ते कधी घालावे? ‘चाक कुरकुरू लागले की,’ असे उत्तर आम्हाला बहुतेकांकडून मिळते. हे उत्तर तपासून पाहू या.

गुलमर्गला बर्फावर घसरायच्या पट्टीचा तळ कोरडा, पांढुरका दिसू लागला की तिला मेण लावतात. तिथे डोळ्यांना दिसते. गाडीची आस मात्र चाकाच्या तुंब्यात लपलेली असते. म्हणून खुणा शोधाव्या लागतात.

आधी वंगण काय करते ते पाहू. 1883 साली इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हे आगगाडीच्या आसाचे घर्षण मोजत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी वरून भोक पाडले, तर आस फिरताच तेलच भोकातून वर येऊ लागले. बूच मारले, तेही बाहेर ढकलले गेले. फिरणारी आस तेलाला स्वतःबरोबर ओढून दाबाखाली आणते आणि त्या थरावर तरंगते, असा याचा अर्थ. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये त्याचे गणित मांडले.

बैलगाडीचे चाक मात्र संथ असते. दीड मीटर व्यासाच्या चाकाला एका फेऱ्यासाठी चार-पाच सेकंद लागतात. एवढ्या वेगाला तरंगता थर नीट तयार होत नाही. म्हणून तिथे दाट आणि धातूला चिकटून राहणारे तेल हवे. एरंडेल तसे आहे. 25 अंश सेल्सिअसला ते पाण्याच्या कित्येक शे पट दाट असते. पण 40 अंशांना त्याचा दाटपणा निम्म्याहूनही कमी होतो. उन्हाळ्यात वंगण लवकर गळून जाते ते यामुळेच.

आता थोडा हिशेब करू. आसांवर गाडीसह 10 क्विंटल भार, म्हणजे सुमारे 10,000 न्यूटन. आसाचा व्यास 5 सेंटिमीटर. 10 किलोमीटरच्या वाटेत चाकाचे सुमारे 2,100 फेरे होतात आणि लोखंडावर लोखंड सुमारे 330 मीटर घासते. कोरड्या आसाचा घर्षणांक 0.3 धरला, तर उष्णता होते सुमारे 10 लाख ज्यूल. तेवढ्यात 20 अंशांचे 3 लिटर पाणी उकळीला येईल! वंगणामुळे घर्षणांक 0.1 झाला, तर 1 लिटरच. ही सारी उष्णता बैलांच्या श्रमातून येते आणि दोन तुंब्यांत साठते.

यातून पहिली खूण मिळते. गाडी थांबल्यावर दोन्ही तुंब्यांना हात लावून पाहावा. उन्हाने दोन्ही तापतात, म्हणून तुलना एकमेकांशी करावी. एक जास्त गरम असेल, तर तिथले वंगण संपत आले आहे.

दुसरी खूण फेऱ्यांची. बैल सोडून, गाडीला भक्कम टेकू देऊन चाक उचलावे. वंगण नवे असताना ठरावीक उंचीवरून आऱ्याला टांगलेले एकच वजन सोडून चाक फिरवावे आणि ते थांबेपर्यंतचे फेरे मोजावेत. दर आठवड्याला तसेच करून आलेख काढावा. फेरे निम्म्यावर येण्याची वाट पाहू नये.

तिसरी खूण वंगणाची. वंगण काळे झाले म्हणजे खराब झाले, असे नाही. काजळी घातलेले वंगण मुळातच काळे असते. चिमूटभर जुने वंगण चमचाभर डिझेलमध्ये विरघळवावे (जवळ विस्तव नको) आणि कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्यात फिरवावे. कण चिकटले, तर ते आसाचे असतील का? घाई नको. आपली काळी माती बेसॉल्टची. तिच्यातही चुंबकाला चिकटणारे कण असतात. म्हणून नवे वंगण आणि रस्त्याची धूळ यांचीही तीच परीक्षा करावी. भिंगाखाली चकाकणारे पापुद्रे दिसले तर झीज, खडबडीत कण दिसले तर धूळ. निर्णय मात्र दोन्ही वेळा एकच: जुने वंगण पुसून काढून नवे भरायचे. वरून नुसते तेल ओतले, तर धूळ आतच राहते आणि कानसेसारखी घासते.

आणि कुरकुर? आस क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते. त्या हिसक्यांचा तो आवाज. म्हणजे तोवर लोखंड लोखंडाला भिडलेले असते. उलट, धुळीने भरलेले दाट वंगण आवाज न करताच आस खाते. आवाज ही उशिराची खूण आहे आणि शांतता ही खात्री नव्हे.

आता पुष्कळ गाड्यांना रबरी टायर आणि बेअरिंग आली आहेत. जुनी गाडी मिळाली नाही, तर विहिरीच्या रहाटावर प्रयोग करा. दोरीच्या दोन्ही टोकांना सारखी वजने बांधा आणि चाक हलेपर्यंत एका बाजूला वाळू घालत जा. ती वाळू म्हणजे घर्षणाचे माप. तेल देण्याआधी आणि नंतर ती तोलून वर्गात फळ्यावर लिहा. किती वाळू कमी लागली, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.