एक ग्राफिक्स कार्ड, चौघं वापरणारे: ‘परमिशन डिनाइड’ का येतं?

समजा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तुम्ही संशोधनाला लागलात. सोयाबीनच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखणारं मॉडेल तयार करायचंय. लॅबमध्ये ग्राफिक्स कार्डाचा लिनक्स संगणक एकच, वापरणारे चौघं. संगणकासमोर बसून प्रोग्रॅम चालवला तर चालतो. तोच होस्टेलवरून एसएसएचने लॉगिन करून चालवला की ‘परमिशन डिनाइड’. असं का होतं?

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणं फाइल म्हणून दिसतात. इंटेल किंवा एएमडीच्या कार्डासाठी सहसा दोन फाइली असतात. एकीचं नाव ‘कार्ड०’ किंवा ‘कार्ड१’, दुसरीचं ‘रेंडर-डी-१२८’. स्क्रीनवर काय दिसावं हे पहिलीतून ठरतं, आणि तो ताबा एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असतो. दुसरीतून फक्त गणित आणि चित्र तयार करण्याचं काम होतं, स्क्रीनला हात लावता येत नाही. तुमच्या मॉडेलला ही दुसरीच पुरते.

ही वाटणी लिनक्स कर्नलमध्ये २०१३ साली प्रायोगिक स्वरूपात आली. त्याआधी नुसतं गणित करायचं असलं तरी स्क्रीनचा ताबा असलेल्या प्रोग्रॅमची संमती लागायची. शिवाय प्रोग्रॅममध्ये वाटून घेतलेल्या चित्राला एक साधा क्रमांक मिळायचा. आत शिरलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला तो क्रमांक अंदाजाने ओळखून दुसऱ्याचं चित्र उघडता यायचं.

आता मूळ प्रश्न. संगणकासमोर बसलेल्या माणसाला सिस्टिम तात्पुरती परवानगी देते. एसएसएचवाल्याला ती मिळत नाही. त्याचं नाव ‘रेंडर’ ग्रुपमध्ये असावं लागतं. म्हणून लॅबच्या अ‍ॅडमिनला एवढंच सांगा: मला रेंडर ग्रुपमध्ये घ्या. मग लॉगआउट करून परत लॉगिन करा आणि ‘आयडी’ कमांडने ग्रुप दिसतोय का ते बघा.

इंटरनेटवर दोन शॉर्टकट सापडतील. दोन्ही टाळा. ‘सीएचमॉड ७७७’ केलं तर कार्ड प्रत्येक खात्याला मोकळं होतं, आणि संगणक रीस्टार्ट झाला की जुनी परवानगी परत येते. ‘सुडो’ने चालवलं तर कुठून तरी डाउनलोड केलेला कोडही रूट म्हणून चालतो, सहकाऱ्याचा अजून न छापलेला डेटा तो वाचू शकतो, पुसूही शकतो. वर निकालाच्या फाइली रूटच्या नावावर जातात, त्या तुम्हालाच बदलता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र ग्रुपने सुटत नाही. ग्रुप विहिरीवर यायचा हक्क देतो, पाण्याची पाळी लावत नाही. एकाने कार्डाची सगळी मेमरी भरली तर बाकीच्यांची कामं पडतात. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर पाळी लावायला स्लर्म असतं. चौघांच्या लॅबमध्ये भिंतीवरचं वेळापत्रकही चालतं.

तेव्हा परवानगी मागण्याआधी स्वतःला विचारा: मला स्क्रीन हवीय, की फक्त गणित? जेवढं लागतं तेवढंच मागा.